ग्लिडनचं जॅकेट आणि पोर्टमधला कोपरा

सांगलीहून एका तरुण वाचकाने विचारलंय: "ड्रॅग रेसिंगच्या जुन्या अमेरिकन व्हिडिओंमध्ये जेन्किन्स, ग्लिडन, शेफर्ड ही नावं सारखी येतात आणि प्रत्येक वेळी विषय सिलिंडर हेडवर जातो. या लोकांनी हेडमध्ये असं केलं तरी काय? माझ्याकडे ३५० सीसीची बुलेट आहे. मेकॅनिक म्हणतो, पोर्ट मोठं करून देतो, गाडी उडेल. करू का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नका करू. का नको, हे त्या तिघांच्या कामातूनच कळेल. मी कोल्हापुरात गेली तीसेक वर्षं हेडचंच काम करतो. हेड म्हणजे सिलिंडरचं झाकण; त्यात व्हॉल्व्ह असतात आणि हवा आत-बाहेर जायच्या वाटा, म्हणजे पोर्ट. सीट (व्हॉल्व्ह बसतो ती कडा), गाइड (त्याची दांडी सरकते ती नळी), फेसिंग आणि कोणी मागितलं तर पोर्टिंग, म्हणजे त्या वाटा कोरणं. त्यामुळे थोडं लांबेल.

ग्लिडनपासून सुरू करतो. १९८६ साली जॉर्जियातल्या कॉमर्सच्या स्ट्रिपवर बॉब ग्लिडनची थंडरबर्ड फिनिशच्या पुढे जाऊन उलटली, कोलांट्या खात गेली. बॉनेट उडालेलं, गाडीचा चेंदामेंदा. ग्लिडन आतून बाहेर आला, अंगातलं जॅकेट काढलं आणि पहिल्यांदा काय केलं, तर ते उघड्या पडलेल्या इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे हेडकडे हवा नेणाऱ्या नळ्यांवर, पसरलं. शेजारच्या टीमवाल्यांना आतला आकार दिसू नये म्हणून! माणूस मरणाच्या दारातून आलाय आणि त्याला काळजी हवेच्या वाटेची. हे वेड ज्याला समजलं त्याला प्रो-स्टॉक समजलं.

प्रो-स्टॉक म्हणजे दिसायला शोरूमच्या गाडीसारखी, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर सरळ पळणारी गाडी. टर्बो नाही, सुपरचार्जर नाही, नायट्रो नाही. साधं रेसिंगचं पेट्रोल आणि वातावरणातली हवा. १९७० मध्ये हा वर्ग सुरू झाला तेव्हा गाड्या दहा सेकंदांच्या आसपास पळत होत्या. १९९४ मध्ये कर्ट जॉन्सनने सात सेकंदांची भिंत फोडली आणि पुढे आकडा साडेसहाच्याही खाली आला. १९८२ पासून इंजिनाचा आकार सगळ्यांना सारखाच, ५०० घन इंच, म्हणजे जवळजवळ ८.२ लिटर. त्यातही एका सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह आणि ब्लॉकमधल्या एका कॅमवरून पुशरॉडने, म्हणजे लांब दांड्यांनी, चालणारे. तरी त्यातून १,३०० च्या वर हॉर्सपॉवर निघाली. आकार ठरलेला, इंधन ठरलेलं. मग वाढलं ते कुठून? आरपीएममधून आणि त्या आरपीएमला सिलिंडरमध्ये जाणाऱ्या हवेतून. ती हवा ज्या दारातून जाते ते दार हेडमध्ये असतं. म्हणून विषय दर वेळी हेडवर जातो.

बिल जेन्किन्स पेनसिल्व्हेनियाचा. टोपणनाव 'ग्रम्पी', म्हणजे सदा तिरसट तोंडाचा. गाड्यांची नावं 'ग्रम्पीज टॉय'. कॉर्नेल विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला गेला होता, ते अर्धवट राहिलं. १९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोनाला प्रो-स्टॉकची पहिली स्पर्धा झाली, ती कॅमॅरो घेऊन त्यानेच जिंकली. पण त्याला लक्षात ठेवायचं ते १९७२ साठी. तोवर क्रायस्लरच्या मोठ्या हेमी (घुमटासारख्या चेंबरच्या, म्हणजे इंधन जळायच्या पोकळीच्या) इंजिनांनी सगळ्यांना धुऊन काढलं होतं. नियमांत वजनाचं गणित बदललं, लहान इंजिनाला हलकी गाडी चालेल असं झालं. जेन्किन्सने शेवरले व्हेगासारख्या छोट्या गाडीत ३३१ घन इंचाचं स्मॉल-ब्लॉक, म्हणजे शेवरलेचं लहान व्ही-८ इंजिन, बसवलं आणि त्या वर्षीची विंटरनॅशनल्स, म्हणजे पोमोनाचीच स्पर्धा, मारली.

आता हे स्मॉल-ब्लॉकचं हेड काय चीज आहे बघा. इंजिन १९५५ चं, तेव्हा २६५ घन इंचाचं आणि घरगुती गाडीसाठी केलेलं. व्हॉल्व्ह एका ओळीत, सिलिंडरच्या उभ्या रेषेपासून २३ अंश कललेले. इनटेकच्या पोर्टला पुशरॉड अगदी खेटून जातो, त्यामुळे तिथे वाट चिमटलेली. मधल्या दोन सिलिंडरांचे एक्झॉस्ट पोर्ट शेजारी शेजारी, तिथे उष्णता साठते. म्हणजे कागदावर हेमीपुढे याचा निभाव लागायला नको. हेमीत व्हॉल्व्ह समोरासमोर, घुमटासारख्या चेंबरमध्ये, मोठाले, श्वास घ्यायला मोकळे. १९६४ च्या डेटोना ५०० मध्ये ४२६ हेमीने पहिले तिन्ही नंबर नेले होते, रिचर्ड पेटी पहिला.

पण घुमटाची एक अडचण असते. चेंबर मोठा, म्हणून कॉम्प्रेशन वाढवायला पिस्टनच्या डोक्यावरही मोठा उंचवटा द्यावा लागतो. मग जळायची जागा उरते ती संत्र्याच्या सालीसारखी, पातळ आणि पसरट. स्पार्कपासून निघालेली ज्योत त्या सालीभोवती फिरून पलीकडे पोचेपर्यंत वेळ जातो. स्मॉल-ब्लॉकचा पाचरीसारखा चेंबर लहान आणि आटोपशीर. पिस्टन वर आला की सपाट भागातलं मिश्रण प्लगकडे दाबलं जातं, त्याला आपण स्क्विश म्हणतो. जळणं भराभर होतं. श्वास कमी, पण घेतलेला श्वास वाया जात नाही. बाकी मग जेन्किन्ससारख्यांनी हेड तिरकं मिलिंग करून चेंबर आणखी लहान केला, व्हॉल्व्ह थोडा उभा केला, जिथे धातू नव्हता तिथे वेल्डिंगने धातू भरला आणि पोर्ट वर उचललं. पुढे कंपन्यांनी १८ आणि १५ अंशांची रेसिंग हेड्स ओतायला घेतली. तो या लोकांनी ग्राइंडर आणि वेल्डिंगने आधीच शोधलेला रस्ता होता.

पोर्ट वर उचलायचं कशासाठी? हवेला वळायला आवडत नाही. घाटात एसटी वळली की आपण बाहेरच्या बाजूला कलंडतो ना, तसंच. मॅनिफोल्डमधून आडवी येणारी हवा व्हॉल्व्हपाशी एकदम खाली वळते. वळणाच्या आतल्या बाजूला एक छोटा कोपरा असतो, इंग्रजीत त्याला शॉर्ट-साइड म्हणतात. मी पोरांना 'आतला कोपरा' म्हणूनच शिकवतो. व्हॉल्व्ह थोडा उघडलेला असतो तेव्हा हवा या कोपऱ्याला धरून नीट जाते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि वेग वाढला की तिला तो कोपरा धरवत नाही. ती सुटते, बाहेरच्या भिंतीवर आदळते आणि व्हॉल्व्हच्या अर्ध्याच बाजूने आत घुसते. उरलेला अर्धा व्हॉल्व्ह नुसता शोभेला. पोर्ट वरून, उभं उतरत आलं तर वळण कमी होतं. हेडवर गेल्या साठ वर्षांत झालेल्या कामातलं निम्मं तरी या एका कोपऱ्यापायी झालंय, असं मला वाटतं.

आता क्लीव्हलँडचा किस्सा, कारण तुमच्या मेकॅनिकला हाच सांगायचाय.

फोर्डने १९७० मध्ये ३५१ क्लीव्हलँड इंजिन काढलं. त्याच्या मोठ्या हेडला इनटेकचा व्हॉल्व्ह २.१९ इंचाचा, म्हणजे साडेपंचावन्न मिलिमीटर. त्या काळच्या रेसिंग स्मॉल-ब्लॉकला २.०२ इंच असायचा. आणि पोर्ट तर असं की हाताचा अंगठा फिरवावा. बघणाऱ्याचे डोळे दिपायचे. पण रस्त्यावर, खालच्या आरपीएमला गाडी सुस्त. रेसवाल्यांनी काय केलं? पोर्ट आणखी कोरलं नाही, ते भरलं! तळाला इपॉक्सीचा थर दिला, कोणी ॲल्युमिनियमची जीभ आत सारली. वाट लहान केली आणि वेग वाढवला. एक्झॉस्टचं दुखणं वेगळंच होतं. मस्टँगच्या इंजिनरूममध्ये मावावं म्हणून ते पोर्ट बाहेर पडताच खाली वाकवलेलं. प्रो-स्टॉकच्या फोर्डवाल्यांनी हेडची ती अख्खी बाजू मिलिंगवर उडवली आणि ॲल्युमिनियमची प्लेट बोल्टने लावून पोर्ट वर, सरळ काढलं. ग्लिडनची कारकीर्द याच इंजिनांवर उभी राहिली. इंडियानातल्या फोर्डच्या डीलरकडचा हा मेकॅनिक. बायको एटा आणि मुलं हीच त्याची टीम. एकूण १० चँपियनशिप, ८५ स्पर्धा. २०१७ च्या डिसेंबरमध्ये गेला.

पोर्ट लहान केल्याने फायदा कसा, हे आमच्याकडे ऊस पाजणाऱ्या कोणालाही विचारा. पाट रुंद केला की पाणी मंदावतं. तेवढंच पाणी अरुंद पाटातून सोडा, ते जोरात शेवटच्या सरीपर्यंत जातं. इंजिनात या जोराला दुहेरी महत्त्व आहे. पिस्टन तळाला पोचून परत वर निघाला तरी इनटेकचा व्हॉल्व्ह अजून उघडाच असतो. मुद्दाम ठेवलेला असतो. येणाऱ्या हवेला दमदार वेग असेल तर ती वर येणाऱ्या पिस्टनला न जुमानता आत घुसत राहते आणि सिलिंडर त्याच्या आकारापेक्षा जास्त भरतो. वेग नसेल तर पिस्टन तिलाच उलट ढकलतो आणि मिश्रण कार्ब्युरेटरकडे परत फिरतं. मोठ्या पोर्टची बुलेट खालच्या आरपीएमला खोकते ती याचमुळे. दुसऱ्या टोकालाही मर्यादा आहे. वाट इतकी अरुंद झाली की हवा ध्वनीच्या निम्म्या वेगाच्या पुढे जाऊ लागते, तिथून भरणं झपाट्याने पडतं. या दोन टोकांमधली जागा शोधायची, एवढंच काम. आयुष्य जातं त्यात.

ली शेफर्डचं आयुष्य त्यातच गेलं, तेही थोडकं. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला रेहर, मॉरिसन आणि शेफर्ड अशी तिघांची टीम होती. गाडी शेफर्ड चालवायचा आणि हेडचं कामही तोच करायचा. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. ज्याच्या हातात ग्राइंडर तोच सीटवर, मग इंजिन कुठे गुदमरतंय हे कोणी सांगायची गरजच नाही. १९८१ ते १९८४ सलग चार वर्षं चँपियन. १९८३ आणि १९८४ मध्ये तर तिकडच्या दोन्ही संघटनांचे किताब एकाच हंगामात घेतले. १९८५ च्या मार्चमध्ये ओक्लाहोमात आर्डमोरला टेस्टिंग करताना अपघातात गेला.

त्याच्या काळातलं शेवरलेचं बिग-ब्लॉक हेडही ऐकण्यासारखं आहे. व्हॉल्व्ह दोन दिशांना कललेले, साळिंदराच्या काट्यांसारखे, म्हणून नावच 'पॉर्क्युपाइन'. पण त्या रचनेत इनटेकची पोर्ट दोन जातींची झाली. एक हवेला सिलिंडरच्या मध्याकडे नेणारं, शेजारचं भिंतीकडे नेणारं. तिकडचे मिस्त्री सरळ 'चांगलं पोर्ट, वाईट पोर्ट' असंच म्हणत. एकाच इंजिनात चार सिलिंडर पोटभर जेवलेले आणि चार अर्धपोटी. वाईट पोर्टला चांगल्याच्या जवळ आणणं हेच त्या हेडचं खरं कसब होतं. पुढे दोन्हीकडे सारखी पोर्ट असलेली रेसिंगची हेड्स आली आणि ते दुखणं संपलं. त्या पुढच्या काळातला मोठा माणूस वॉरन जॉन्सन, 'प्रोफेसर'. खास ड्रॅग रेसिंगपुरतं केलेल्या ओल्डस्मोबिलच्या इंजिनात त्याचा मोठा हात. १९९७ मध्ये प्रो-स्टॉक पहिल्यांदा ताशी २०० मैलांपुढे नेली ती त्याने. वर सात सेकंदांची भिंत फोडणारा कर्ट सांगितला, तो याचाच मुलगा.

तुम्ही नावं घेतली नाहीत ती टॉप-फ्युएलवाल्यांची. डॉन गार्लिट्सचं सांगायलाच हवं. १९७० मध्ये लाँग बीचला ट्रान्समिशन फुटून त्याचा उजवा पाय पंजातून अर्धा तुटला. पुढच्याच वर्षी इंजिन ड्रायव्हरच्या मागे टाकलेली गाडी घेऊन तो आला आणि जिंकला. सगळा खेळच त्याच्या मागे वळला. पण हेडच्या दृष्टीने तो वेगळा गाव आहे. तिथे सुपरचार्जर हवा कोंबतो आणि नायट्रोमिथेन स्वतःचा ऑक्सिजन सोबत आणतं, त्यामुळे पोर्टची नजाकत मागे पडते. हेड टिकलं पाहिजे, बस. आजही ती हेड्स हेमीच्याच घाटाची, ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेली, आत पाणी फिरायला जागाच नाही. चार सेकंदांत सगळं संपतं, पाणी कशाला? अशी हेड्स बनवणाऱ्यांत ॲलन जॉन्सनचं नाव मोठं. त्याचा भाऊ ब्लेन १९९६ मध्ये गुणांत पुढे असताना इंडियानापोलिसला गेला. गाडी ब्लेनची, इंजिन ॲलनचं अशी ती जोडी होती.

आता मोजमापाबद्दल. हेडमधून जाणारी हवा बाकावर मोजायची कल्पना प्रो-स्टॉकच्या कितीतरी आधीची. इंग्लंडमध्ये हॅरी वेस्लेक १९२० च्या दशकातच ते करत होता आणि ले मान्सला १९६८ व १९६९ मध्ये जिंकलेल्या फोर्ड जीटी४० वर गर्नी-वेस्लेक हेड्स होती. रेसवाल्यांत आज २८ इंच पाण्याच्या दाबाला मोजायची रीत आहे. माझा फ्लो-बेंच घरचा आहे. प्लायवुडची पेटी, व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारी आणि भिंतीवर काचेची यू-नळी, त्यात लाल शाई घातलेलं पाणी. २८ इंचांपर्यंत माझ्या मोटारींचा दम पोचत नाही. मी १० इंचांवर मोजतो आणि आकड्याला १.६७ ने गुणतो, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो. आकडा महत्त्वाचा नाही, आधी आणि नंतरमधला फरक महत्त्वाचा. पोर्टमध्ये कुठे भरायचं हे बघायला मी शाळेतल्या पोरांची प्लॅस्टिसिन माती वापरतो. आतल्या कोपऱ्यावर चिमूटभर लावली की लाल पाणी सरकतं, कधी वर, कधी खाली. ते सरकणं बघण्यासारखं असतं.

मी हे सगळं शहाणपण जन्मतः घेऊन आलो नव्हतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एका रॅलीवाल्या पोराने एस्टीमचं हेड आणून दिलं. मी तेव्हा नवाच, हातात नवा कार्बाइड कटर. पोर्टचं छत कोरत गेलो, चकाकी आली की आणखी थोडं, आणखी थोडं. अचानक कटरचा आवाज बदलला. पोकळ. बोट घातलं तर सुईच्या नाकाएवढं भोक, पलीकडे पाण्याचं जॅकेट, म्हणजे हेड थंड ठेवणारं पाणी फिरतं ती पोकळी. आर्गनने वेल्डिंग करून घेतलं, तर त्या तापेने शेजारची सीट सैल झाली आणि हेड वाकलं. शेवटी पदरचे पैसे घालून दुसरं हेड आणून दिलं. पुढे आमच्या शिरोलीतल्या फाउंड्रीत कोअर (आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) बसवणाऱ्या एका मिस्त्रीने समजावलं: साच्यात वाळूचा कोअर मिलिमीटरभर सरकला तरी एका बाजूची भिंत जाड आणि दुसरीकडची पातळ होते. बाहेरून कळत नाही. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन हेडमध्येही तेवढीच जागा मिळेल याची खात्री नाही. तेव्हापासून नव्या जातीचं हेड आलं की मी आधी भंगारातलं एक आणून करवतीने उभं-आडवं कापतो आणि भिंती मोजतो. मगच गिऱ्हाइकाच्या हेडला हात.

तर तुमची बुलेट. लांब स्ट्रोकचं, अरुंद बोअरचं इंजिन, म्हणजे पिस्टनची धाव लांब आणि सिलिंडरचा व्यास लहान. व्हॉल्व्ह किती मोठा बसेल हे बोअरच ठरवतो, त्यामुळे तिथे चमत्कार नाही. आणि व्हॉल्व्ह तोच ठेवून मागचं पोर्ट फुगवलं तर क्लीव्हलँडचीच चूक होईल, तीही पैसे देऊन. व्हॉल्व्हच्या व्यासाच्या चौथ्या हिश्शाएवढा तो उचलला की बाजूने उघडलेली जागा व्हॉल्व्हच्या तोंडाएवढी होते. तोवर पोर्ट नाही, सीट आणि व्हॉल्व्हची कडाच हवा अडवत असते. शिवाय पूर्ण उघडा क्षण एकदाच येतो, अर्धवट उघडे टप्पे जाताना एकदा आणि येताना एकदा. म्हणून पैसे सीटवर घाला. ३०, ४५ आणि ६० अशा तीन कोनांत कापलेली, ४५ ची पट्टी इनटेकला साधारण एक मिलिमीटर, एक्झॉस्टला दीड. एक्झॉस्टची पट्टी फार बारीक करू नका, व्हॉल्व्हची उष्णता त्यातूनच हेडमध्ये उतरते. सीटच्या खाली कारखान्यात राहिलेली कड असेल तर ती मोडायची, गाइडभोवतीचा उंचवटा थोडा निमुळता करायचा, आतला कोपरा बोटाला गोल लागेल एवढाच घासायचा. मॅनिफोल्ड, गॅसकेट आणि पोर्ट एका रेषेत आणायचं. इनटेकला आरशासारखं पॉलिश नको, पेट्रोलचे थेंब गुळगुळीत भिंतीवर साचून ओघळतात.

तुमच्या मित्राकडे यामाहाची आरएक्स असेल आणि तो 'पोर्टिंग' म्हणत असेल तर तो वेगळा धंदा. टू-स्ट्रोकला हेडमध्ये व्हॉल्व्ह नसतात, पोर्ट सिलिंडरच्या भिंतीत असतात आणि तिथे एका मिलिमीटरने उघडण्याची वेळच बदलते. दोन्हींची गल्लत करणारा मेकॅनिक भेटला तर नमस्कार करून निघा.

लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती झाल्या आहेत. तिथे जायचा विचार असेल तर आधी आहे त्या हेडवर ४०२ मीटरची वेळ लिहून ठेवा. काम झाल्यावर त्याच हवेत, कार्ब्युरेटरच्या त्याच जेटवर पुन्हा काढा. आणि हेड माझ्याकडे किंवा कोणाकडेही नेलंत, तर व्हॉल्व्ह घासून चकाचक करून नेऊ नका. काजळी तशीच राहू द्या, जुनं गॅसकेटही टाकू नका. हवा कुठून जात होती आणि कुठून नव्हती, ते त्या काजळीवरच दिसतं.